एका नावाचा डबा

९ जानेवारी

प्रिय ठकू,

मागच्या खेपेला तू तो निराधार म्हाताऱ्यांच्या डब्याचा चार पानी फॉर्म भरून गेलीस, त्याला फळ आलं. सोमवारपासून डबा सुरू झाला. रविवार सोडून रोज बाराच्या सुमारास एक बाई खाली सायकल लावते, दोन जिने चढते, डबा हातात देते आणि वहीत माझी सही घेते. डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर माझं नाव. दाराला कधी पाटी लावली नाही, ती शेवटी डब्याला लागली. आत भात, एक मऊ शिजवलेली भाजी, काहीतरी पातळ आणि एक दिवसाआड अंडं नाहीतर दही. मीठ कमी असतं, पण आयत्या जेवणाला नावं ठेवू नयेत.

फोनवर तू ओरडतेस आणि ऐकू आलं नाही तरी मी हो-हो म्हणते. त्यापेक्षा पत्र बरं.

काम फारसं नाही. शाळेचे गणवेश आता तयार मिळतात. लोक येतात ते चेन बदलायला, नाहीतर उसवलेलं शिवून घ्यायला. वेळ होता म्हणून माझेच ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतले. गल्लीतला वाणी दुकान बंद करून गेला, आता बाजार पार पुलापलीकडे. पण खालचा चष्मेवाला आठवड्यातून एकदा जातो, तो आणतो माझं. कवळीचे दात थोडे सैल झालेत, बोलताना टकटक वाजतात. समोरच्याला वाटतं मी रागावले आहे. तेही बरंच आहे.

काळजी करू नकोस.

तुझी,
मावशी


२७ जानेवारी

प्रिय मावशी,

डबा सुरू झाल्याचं वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आता निदान एक वेळचं तरी मला बघायला नको.

इथे अठ्ठावीस खाटा आणि आम्ही तिघी नर्सा. सगळे पेशंट सत्तरीच्या पुढचे. दर सोमवारी एकेकाला उचलून वजनाच्या खुर्चीत बसवायचं, आकडा लिहायचा, पुन्हा उचलून खाटेवर. कंबरेचा पार खुळखुळा झालाय. काल एक आजोबा आले. पँट सुतळीनं बांधलेली. मुलगा म्हणतो, "ते पहिल्यापासून बारीकच आहेत." मी म्हटलं, "ही सुतळी पहिल्यापासून होती का?" तेव्हा कुठे त्यानं ती पाहिली. रोज डोळ्यांसमोर असतं ते माणसांना दिसतच नाही, मावशी. मला चीड येते.

ब्लाउज आत घेतलेस ते बरं झालं. तेवढाच गुडघ्यांवरचा भार कमी. दातांचं मात्र दाखवून घे.

वरच्या मजल्यावर आमच्या बाई आहेत ना अजून? त्यांना नमस्कार सांग. त्यांनी गणितात पास केलं नसतं तर मी आज औषधांचे डोस कशाच्या जोरावर मोजले असते.

ठकू


२ मार्च

प्रिय ठकू,

बाईंना तुझा नमस्कार सांगितला. म्हणाल्या, "ती ठकू का? भागाकारात बाकी विसरायची ती?" स्मरणशक्ती अशी आहे, पण पाय गेले. आता बहुतेक अंथरुणातच असतात. मी रोज दुपारी वर जाते. तिसरा जिना जरा जड जातो, मधल्या पायरीवर बसते थोडी. बाईंना अंडं आवडतं, भाजीतला भोपळा नाही आवडत.

डबा वेळेवर येतो. काही कमी नाही. पायाला शिलाई मशीनचा पत्रा लागला, नडगीवर. एवढीशी जखम आहे, पण महिना झाला तरी ओली ती ओलीच. वर हळद लावली आणि पट्टी बांधली. गल्लीतला वाणी दुकान बंद करून गेला, आता बाजार पार पुलापलीकडे आहे. चष्मेवाला आणतो माझं.

परवा एकाची पँट लांडी कापली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. माप बरोबर लिहिलं होतं, पण कापताना काय झालं कळलं नाही. त्यानं ठरलेले पैसे दिले, तेच जास्त लागलं.

तुझी,
मावशी


३० मार्च

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. दोन जणी रजेवर, त्यामुळे मी दुहेरी पाळ्या करते आहे. घरी आले की पायातल्या बुटांसकट झोपते.

जखमेला हळद पुरे. ती स्वच्छ धू आणि सोबतचं मलम लाव. साखर तपासून घे, चष्मेवाले काका नेतील. वाण्याचं तू मला आधीच लिहिलं होतंस. राग मानू नकोस, पण हल्ली तू तेच तेच लिहितेस. वयानं होतं असं. शब्दकोडी सोडव, डोकं चालू राहतं. रजा मागितली होती, मिळाली नाही. जूनमध्ये नक्की येते.

डबा नियमित येतो ना? मग मी निर्धास्त आहे.

ठकू


११ मे

ठकू,

बरी आहे. तुझी परीक्षेची फी भरली का ते कळव, नाहीतर मी बाईंशी बोलते. गणवेशाची बाही अजून लावायची राहिली आहे. उद्या लावते. आज हात चालत नाही. झोपून उठलं तरी झोप जात नाही.

मावशी


२४ मे

ताईंस,

मी तुमच्या मावशींच्या घराखाली चष्म्याचं दुकान चालवतो. आपली दोनदा भेट झाली आहे. फोन लावला, लागला नाही. दवाखान्यातून तार करावी तसं लिहितो आहे, शब्दांचं कमीजास्त माफ करा.

परवा दुपारी मावशी तिसऱ्या जिन्यावर पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांना उठता येईना आणि त्या मला दुसऱ्याच कुणाच्यातरी नावानं हाक मारत होत्या. इथल्या डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. एकोणचाळीस किलो. रक्तात प्रथिनं फार कमी, पायाची जखम त्यामुळेच भरत नाही म्हणाल्या. मी विचारलं, "आजार काय आहे?" तर म्हणाल्या, "उपासमार." मी म्हटलं, "असं कसं? त्यांना तर रोज डबा येतो."

आता जे मला आधीच लिहायला हवं होतं ते लिहितो. पडल्या तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. सगळा भात पायऱ्यांवर सांडला. वरच्या मास्तरीणबाईंसाठी नेत होत्या. फेब्रुवारीपासून नेतात. मी रोज त्यांना डबा घेऊन वर जाताना पाहत होतो. मला वाटायचं दोघी मिळून जेवतात. कुणाची तरी सोबत आहे, छान आहे, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. लोकांना दिसतं की नाही ते तपासण्यात माझं आयुष्य गेलं. यापुढे काय लिहू?

तुम्ही निघा.

आपला,
चष्मेवाला


२० जून

प्रिय मावशी,

मी पोचले. बारा दिवसांची रजा दोन दिवसांसारखी गेली. तू बसच्या खिडकीशी उभी होतीस, काठी टेकून, आणि वाऱ्यानं पडशील की काय असं वाटत होतं.

समोर असताना बोलले नाही, कारण तू उशीवर डोळे मिटून पडायचीस आणि मला बोलता यायचं नाही. आता लिहिते. मला तुझा राग आला आहे. तू मला चार महिने खोटं लिहिलंस. बरं, "डबा येतो" हे खोटंही नाही. तू शब्द असे कापलेस की शिवण दिसू नये.

पण माझा मलाच जास्त राग येतो. रोज सकाळी मी अठ्ठावीस माणसांना विचारते, "जेवलात का? किती खाल्लंत? काय उरलं?" तुला मी एकदाही हे विचारलं नाही. विचारलं काय, तर डबा येतो का. सैल दात, आत घेतलेले कपडे, न भरणारी जखम, जड जिना, विसरणं, सगळं तू तुझ्या अक्षरात मला लिहून पाठवलंस. आमच्या तक्त्यावर हेच पाच रकाने आहेत, मावशी. परक्याच्या आईचे मी डोळे झाकून भरते. आणि तुला शब्दकोडी सोडवायला सांगितली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता नीट ऐक. ठरल्याप्रमाणे डबा चष्मेवाल्या काकांच्या दुकानात बसून, त्यांच्यासमोर खायचा. एकदम जास्त नको. दर दोन तासांनी थोडं थोडं. दूध, अंडं, शेंगदाण्याचा कूट, जे चावायला लागत नाही ते. गेलेलं सगळं मांस आता या वयात परत येणार नाही, हे तुला सांगितलेलं बरं. पण आहे ते टिकवता येईल.

बाईंना सध्या चष्मेवाल्या काकू सूप देतात, पण ते किती दिवस चालणार? काकूंचा स्वतःचा गुडघा धड नाही. बाईंचं मी बघते. तू बघायचं नाहीस.

ठकू


३ जुलै

प्रिय ठकू,

दुकानात बसून जेवते. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असतं आणि मी शेजारी चमचा घेऊन बसलेली. परवा एकाला खालची ओळ दिसेना, मी हळूच सांगितली. चष्मेवाला माझ्यावर रागावला.

तू विचारलं नाहीस, पण का ते सांगते. फेब्रुवारीत बाईंची चादर शिवून वर द्यायला गेले होते. टेबलावर एक बिस्कीट होतं, त्याचे चार तुकडे केलेले. मी विचारलं, "बाई, जेवलात?" त्या म्हणाल्या, "हो तर, सकाळीच झालं. एकटीचं असं कितीसं असतं?" ठकू, डबा सुरू होण्याआधी कितीतरी महिने मी हेच वाक्य लोकांना ऐकवत होते. महिन्याचा शेवटचा आठवडा मी चहा आणि ब्रेडवर काढायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, सकाळीच झालं. आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडून आलं की लगेच ओळखू येतं.

त्यांनीही डब्यासाठी फॉर्म भरला होता. परत आला. मुलगा कमावता आहे म्हणून. मुलगा दूरदेशी, सहा वर्षांत आलेला नाही, पण कागदावर आहे. मला मूल नाही म्हणून मला डबा, त्यांना आहे म्हणून नाही. मी म्हटलं, "मला हा डबा जास्त होतो." पहिल्या दिवशी ते खरंसुद्धा होतं. भूक मरून गेली होती.

आधी निम्मा-निम्मा करत होतो. गणिताच्या बाई त्या, केळंसुद्धा मधोमध कापायच्या. मग त्यांना उठून बसवेना, मी भरवायला लागले. आणि भरवताना चमचा आपल्या तोंडाकडे वळत नाही गं. मोठं मन वगैरे काही नव्हतं. कोणाला तरी माझ्या हाताची वाट बघायला लागते, याचीच मला चटक लागली होती. काम संपल्यापासून कुणी माझी वाट बघत नव्हतं.

तुला लिहिलं नाही, कारण तू दमलेली असतेस. आणि तू डबा बंद करशील अशी भीती होती.

मावशी


२२ जुलै

प्रिय मावशी,

डबा मी कशाला बंद करीन? पण कळलं.

बाईंच्या मुलाचा पत्ता त्यांच्या जुन्या पाकिटावरून घेतला होता, त्याला लिहिलं. डब्याच्या ऑफिसातल्या माणसाशी फोनवर तीनदा बोलले. तो वाईट नाही. म्हणाला, "मॅडम, मुलगा सांभाळत नाही असं मुलानंच लिहून दिलं तर मी आज नाव घेतो. माझे हात बांधलेले आहेत." मी मुलाला तेच कळवलं. वाटलं होतं, हे वाचून तरी तो विमानात बसेल. तो बसला नाही. त्यानं लिहून दिलं. तीन ओळी आणि सही. सोबत पाठवते आहे.

त्याखाली बाईंची सही लागते. म्हणजे त्यांना तो वाचावा लागेल. दाखवायचा की नाही, हे मला इतक्या लांबून ठरवता येत नाही. तू ठरव. मी चांगलं केलं की वाईट तेही कळत नाही. आज वॉर्डात दोघं गेले. जास्त लिहवत नाही.

तुझं वजन लिही.

ठकू


९ ऑगस्ट

प्रिय ठकू,

त्रेचाळीस. चष्मेवाल्याच्या काट्यावर, चपला काढून.

कागद दाखवला. न दाखवता अंगठा घेता आला असता, चष्मेवाल्यानं तसं सुचवलंही, पण त्या बाई आहेत, न वाचता कशावर सही करणार नाहीत. तोच मला धरून वर घेऊन गेला. बाईंनी चष्मा मागितला. तीन ओळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "पेन्सिल आहे का?" मी कानामागची दिली. त्यांनी 'सांभाळु शकत नाही' मधला उकार दीर्घ केला, शेवटी पूर्णविराम दिला, आणि मग खाली सही केली. कागद मला परत देताना म्हणाल्या, "चौथीपर्यंत मी घेतला होता त्याचा अभ्यास. नंतर वेळ झाला नाही."

नंतर भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी बसून राहिले. काकूंचं सूप गार झालं.

कागद ऑफिसात दिला आहे. पंधरा दिवस लागतील म्हणाले.

मावशी


२८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

आज ऑफिसातून कळलं, बाईंचं नाव यादीत आलं. सोमवारपासून त्यांचा वेगळा डबा येईल. हे वाचशील तेव्हा आलेलाही असेल. मला वॉर्डातच रडू आलं, सिस्टरनं विचारलं काय झालं, मी म्हटलं, भागाकार जमला.

बाईंना खोकला झालाय असं काका फोनवर म्हणाले, तो कसा आहे ते लिही. आणि तू काय खाल्लंस तेही लिही. डबा आला का, असं मी आता विचारणार नाही. काय खाल्लंस, किती खाल्लंस, काय उरलं. खरं लिही.

ठकू


५ सप्टेंबर

प्रिय ठकू,

खरंच लिहिते.

बाई रविवारी सकाळी गेल्या. खोकला छातीत उतरला होता. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या शनिवारी. म्हणाल्या, "औषध देते, पण झुंजायला अंगात काही उरलेलं नाही." शेवटी मी तिथेच होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण हात धरून ठेवला होता. मुलाला चष्मेवाल्यानं कळवलं आहे. उत्तर यायचं आहे.

सोमवारी बारा वाजता डबा आणणारी बाई आली. दोन डबे घेऊन. दुसऱ्याच्या चिकटपट्टीवर बाईंचं पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरात. मला म्हणाली, "आता वरचा जिना चढते," आणि मी म्हटलं, "राहू दे, मी देते." माझ्या तोंडातून ते कसं आलं, मला माहीत नाही. तिनं वही पुढे केली. मी दोन्हीकडे सह्या केल्या.

त्या दिवशी दुकानात गेले नाही. घरातच दार लावून बसले. दोन्ही डबे उघडले. भात, गाजर, दोन अंडी. आधी माझा खाल्ला. मग बाईंचा खाल्ला. रडत होते आणि खात होते. दात टकटक वाजत होते. मधे एकदा थांबले, वाटलं, काय करतेस हे, त्यांना जाऊन पुरते दोन दिवस झाले नाहीत. पण हात थांबला नाही. गेल्या कित्येक महिन्यांत एवढी भूक मला लागली नव्हती. काही उरलं नाही. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच, त्या दिवशी दही होतं.

चष्मेवाल्याला सांगितलं नाही. तू विचारलंस म्हणून तुला लिहिते आहे, नाहीतर हे मी कुणाला सांगितलं नसतं.

गुरुवारी मला ते पेलेना. बाईंनी ज्यासाठी मुलाच्या त्या कागदावर सही केली होती, ते मी सही मारून खात होते. डबा आणणारी बाई आली तेव्हा मी दारातच सांगितलं, "वरच्या बाई गेल्या. रविवारीच गेल्या. हे तीन दिवस मीच खाल्लं. ऑफिसात सांग, काय करायचं ते करू देत."

ती जिना चढून दमली होती. पायरीवर बसली. म्हणाली, "मावशी, सोमवारी मी आले तेव्हा खाली माणसं जमली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

मग तिनं वहीत बाईंच्या नावावर रेघ मारली, रविवारची नाही, त्या गुरुवारचीच तारीख घातली, आणि दोन्ही डबे माझ्या हातात देऊन खाली गेली.

तुझी,
मावशी